कापूर: उपयोग, प्रकार आणि सुरक्षितता

कापूर माहीत नाही असे मराठी घर सापडणे कठीण. आरतीच्या ताटात तो असतो, लोकरीच्या कपड्यांच्या घडीत असतो, सर्दीच्या बाममध्ये असतो आणि डोकेदुखीच्या तेलातही असतो. कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडी तालुक्यातल्या मलकापूरच्या बाजारात काय किंवा मुंबईच्या मॉलमध्ये काय, तो मिळतो तो पूजासाहित्याच्या फळीवर, उदबत्ती आणि वातींच्या शेजारी. (मलकापूरच्या नावात कापूर दिसतो, तो अक्षरांचा योगायोग. गावाच्या नावाचा शेवट 'पूर' आहे.) औषधाच्या दुकानात ज्या पदार्थाची टक्केवारी वेष्टनावर छापावी लागते, तोच पदार्थ किराणा दुकानात जवळजवळ शुद्ध स्वरूपात, पांढऱ्या गोड गोळीसारख्या दिसणाऱ्या वडीच्या आकारात विकला जातो. कापराच्या बहुतेक अपघातांचे मूळ इथेच आहे.

कापूर म्हणजे नेमके काय?

कापूर हे वनस्पतींत तयार होणारे सुगंधी संयुग आहे. त्याच्या रेणूत कार्बनचे १०, हायड्रोजनचे १६ आणि ऑक्सिजनचा १ अणू असतो. नीलगिरी, पुदिना, ओवा यांच्या वासाला कारणीभूत असलेली द्रव्ये ज्या टर्पीन नावाच्या मोठ्या घराण्यात मोडतात, त्याच घराण्यातला हा सदस्य. फरक इतकाच की नीलगिरीचे तेल द्रव असते आणि कापूर स्फटिकरूप.

उघडा ठेवलेला कापूर हळूहळू नाहीसा होतो, हे सगळ्यांनी पाहिलेले असते. तो वितळत नाही, थेट वाफ होऊन उडून जातो. शाळेच्या पुस्तकात याला संप्लवन म्हणतात. वितळण्यासाठी त्याला १७५ अंश सेल्सिअसच्या वर तापवावे लागते, पण उडून जायला खोलीतली ऊब पुरते. डबीत काळी मिरी किंवा लवंग टाकून ठेवण्याची घरगुती रीत आहे. खरा बंदोबस्त मात्र घट्ट झाकणाचाच.

कापराचे झाड मूळचे जपान, तैवान आणि दक्षिण चीनमधले. ते दालचिनीचे जवळचे नातेवाईक आहे. सह्याद्रीत रानदालचिनी वाढते, तिचे पान चुरगळल्यावर येणाऱ्या वासाचे आणि कापराच्या झाडाचे घराणे एकच. या झाडाच्या लाकडाचे तुकडे करून त्यांतून पाण्याची वाफ सोडली की वाफेबरोबर कापूर बाहेर येतो आणि थंड झाल्यावर पांढरे स्फटिक जमतात. कापूर थोड्या प्रमाणात इतर वनस्पतींतही असतो. कापूर तुळस या नावाने ओळखली जाणारी तुळशीची जात तर त्यासाठीच मुद्दाम लावली जाते.

झाडातला आणि कारखान्यातला

आज पूजेसाठी मिळणारा बहुतेक कापूर झाडापासून थेट काढलेला नसतो. चीड वृक्षाच्या डिंकापासून टर्पेंटाइन काढतात, त्यातल्या पायनीन या द्रव्यावर एकामागून एक रासायनिक प्रक्रिया करतात आणि शेवटी कापूर मिळवतात. हा प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या एका शर्यतीतून आला. त्या काळी जगाला कापूर लागत होता तो पूजेसाठी नव्हे, तर सेल्युलॉइडसाठी. नायट्रोसेल्युलोज हा ठिसूळ पदार्थ कापूर मिसळला की लवचीक होतो. त्यापासून कंगवे, बाहुल्या, बिलियर्डचे चेंडू बनू लागले आणि पुढे सिनेमाची फीतही. तैवान ताब्यात आल्यावर जपानने १८९९ मध्ये तिथल्या कापरावर सरकारी मक्तेदारी लादली, त्यामुळे युरोप-अमेरिकेतल्या रसायनशास्त्रज्ञांना कृत्रिम कापराची गरज अधिकच भासू लागली. फिनलंडच्या गुस्ताफ कोम्पा यांनी १९०३ मध्ये प्रयोगशाळेत कापूर तयार करून दाखवला.

कोल्हापूरचा आणि कापराचा एक विसरलेला संबंध इथे सापडतो. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी आणि १९२९ मध्ये कोल्हापुरातच स्थापन झालेली प्रभात यांचे त्या काळातले चित्रपट नायट्रेट फितीवर होते. म्हणजे त्या फितींतही कापूर होता. अशा फिती किती झटकन पेटतात, हे पुण्यात जानेवारी २००३ मध्ये नायट्रेट फितींच्या साठ्याला लागलेल्या आगीने पुन्हा एकदा दाखवले. आगीचा तो दोष मुख्यतः नायट्रोसेल्युलोजचा, पण कापूरही विझवणाऱ्यांतला नव्हे.

झाडातला कापूर आणि कारखान्यातला कापूर यांच्यात रासायनिक फरक बारीक आहे. कापराचा रेणू डाव्या आणि उजव्या हातासारख्या दोन आरसाप्रतिमांत असू शकतो. कापराच्या झाडात मुख्यतः एकच प्रतिमा तयार होते, कारखान्यात दोन्हींचे मिश्रण. जळणे, उडणे आणि विषारीपणा या बाबतींत घरात दोन्ही सारखेच सांभाळावे लागतात.

भीमसेनी कापूर वेगळा असतो का?

मूळ अर्थाने, हो. भीमसेनी किंवा बरास कापूर हा सुमात्रा, बोर्निओ आणि मलाय द्वीपकल्पातल्या एका वेगळ्याच उंच झाडाच्या खोडातल्या भेगांत साठतो. 'बरास' हे नाव सुमात्राच्या बारुस बंदरावरून आले. तिथून हा कापूर शतकानुशतके भारतात येत असे. रासायनिकदृष्ट्या हा कापूर नव्हेच. तो बोर्निऑल आहे, म्हणजे कापरापेक्षा हायड्रोजनचे दोन अणू जास्त असलेला त्याचा भाऊ. आयुर्वेदाच्या ग्रंथांत पक्व आणि अपक्व असे कापराचे दोन प्रकार सांगितले आहेत. त्यांतला अपक्व, म्हणजे उष्णतेची प्रक्रिया न केलेला प्रकार या झाडाच्या कापराशी जोडला जातो.

ते झाड आता दुर्मीळ होत चालले आहे. भारतातल्या गावोगावी 'भीमसेनी' म्हणून जितका माल विकला जातो, तितका पुरवणे त्या झाडाच्या आवाक्यातले नाही. वडीऐवजी ओबडधोबड खडे असणे, मेण नसणे किंवा जळल्यावर राख न उरणे हा झाडातून आल्याचा पुरावा नव्हे. कारखान्यातला शुद्ध कापूरही खड्यांच्या रूपात मिळतो आणि तोही राख न ठेवता जळतो. भाव मात्र दुप्पट-तिप्पट घेतला जातो. पाकिटावर 'नैसर्गिक' छापले म्हणून तो खाण्याजोगा किंवा बाळासाठी सुरक्षित ठरत नाही. हे सांगणे भावापेक्षा महत्त्वाचे, कारण 'भीमसेनी आहे, काही होत नाही' हे वाक्य घरोघरी ऐकू येते.

अंगाला लावल्यावर गार का वाटते?

त्वचेतल्या नसांच्या टोकांवर थंडी ओळखणारे आणि उष्णता ओळखणारे असे वेगवेगळे ग्राहक असतात. कापूर या दोन्ही प्रकारच्या ग्राहकांना चाळवतो. म्हणून तो चोळल्यावर आधी गार आणि मग ऊबदार वाटते आणि त्या गडबडीत दुखणे, खाज काही वेळ कमी जाणवते. मुका मार, लचक, कीटकदंशाची खाज यांवरच्या मलमांत तो असतो तो यासाठी.

बंद नाकाचेही असेच. बाम हुंगल्यावर नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, पण नाकातली सूज त्यामुळे उतरलेली नसते. मेंदूला गार हवा आत जाते आहे असा संदेश मिळतो, इतकेच. तरीही त्या वाटण्याला किंमत आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात २०१० मध्ये २ ते ११ वर्षांच्या १३८ मुलांवर झालेल्या अभ्यासात रात्री छातीला आणि गळ्याला कापूरयुक्त बाम लावलेल्या मुलांचा खोकला कमी जाणवला आणि मुलांना व पालकांना झोप बरी लागली. त्याच मुलांत त्वचा चुरचुरणे, डोळ्यांची आग असे त्रासही जास्त दिसले. अभ्यासाची वयोमर्यादा २ वर्षांपासून सुरू होते, ही गोष्ट नजरेआड करू नये. अशा बामच्या वेष्टनावरही २ वर्षांखालील मुलांना वापरू नये असे लिहिलेले असते.

सर्दीच्या बाममध्ये कापराचे प्रमाण साधारण ५ टक्के असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकल्या जाणाऱ्या मलमांत ११ टक्क्यांपेक्षा जास्त कापूर असू नये, असा नियम केला आणि २० टक्के कापराचे तेल बाजारातून काढून टाकले. कारण साधे होते: एरंडेल समजून लोक ते तेल मुलांना पाजत होते आणि मुले दगावत होती.

पोटात गेला तर

कापूर पोटातून रक्तात झपाट्याने शिरतो आणि मेंदूला उत्तेजित करतो. सौम्य विषबाधेत तोंडाची आणि घशाची आग, मळमळ, उलट्या, चिडचिड दिसते. जास्त मात्रेत थेट झटके येतात. कधीकधी आधी कोणतेच लक्षण नसते. मूल खेळता खेळता आकडी येऊन पडते आणि तीच पहिली खूण असते. लक्षणे बहुधा ५ ते ९० मिनिटांत सुरू होतात.

मेंदूवरचा हा परिणाम डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. बुडापेस्टचे मानसोपचारतज्ज्ञ लाडिस्लास मेडुना यांनी १९३४ मध्ये मनोरुग्णांना मुद्दाम झटके आणण्यासाठी कापराचीच इंजेक्शने दिली होती. विजेच्या झटक्यांचे उपचार त्यानंतर चार वर्षांनी आले.

किती कापूर धोक्याचा? विषबाधेच्या मार्गदर्शक सूचनांत वजनाच्या दर किलोमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कापूर पोटात गेल्यास रुग्णालयात न्यावे, असे सांगितले आहे. १० किलो वजनाच्या, म्हणजे साधारण वर्षभराच्या मुलासाठी ही मर्यादा ३०० मिलिग्रॅम होते. कापराच्या एका वडीचे वजन किती, ते पाकिटावरचे वजन आणि वड्यांची संख्या पाहून काढता येते. वडी १ ग्रॅमची असेल तर तिचा तिसरा हिस्सा पुरेसा आहे. लहान मुलाचा मृत्यू सुमारे १ ग्रॅम कापराने झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे.

घरी केलेल्या तेलाचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. ५० मिलिलीटर खोबरेल तेलात १ ग्रॅमच्या ५ वड्या विरघळवल्या, तर त्याच्या एका चहाच्या चमच्यात अर्धा ग्रॅम कापूर असतो. अमृतधारेचे तर विचारूच नये. कापूर, पुदिन्याचे फूल आणि ओव्याचे फूल हे तीन घन पदार्थ समभाग एकत्र केले की आपोआप पातळ होतात, ही घरगुती रसायनशास्त्राची मोठी गमतीची गोष्ट आहे. पण त्या बाटलीतला सुमारे एक तृतीयांश भाग कापूर असतो. थेंबाथेंबाने वापरायची ही बाटली मुलाने तोंडाला लावली, तर एका घोटात दीड ग्रॅमच्या आसपास कापूर पोटात जाऊ शकतो.

मग तिरुपतीच्या लाडवात आणि त्रयोदशगुणी विड्यात कापूर कसा चालतो? तिथे दक्षिणेत पच्चकर्पूर म्हणतात तो खाण्यासाठी म्हणून वेगळा विकला जाणारा कापूर, तोही मोठ्या घाण्यात चिमूटभर, वापरतात. सुश्रुतसंहितेतही मुखशुद्धीच्या द्रव्यांत कापूर येतो. मात्रा आणि शुद्धता या दोन गोष्टी तिथे गृहीत धरलेल्या आहेत. आरतीच्या वडीला यातले काहीच लागू होत नाही, ती कोणत्याही पदार्थात घालू नये.

तान्ही बाळे, गरोदर स्त्रिया आणि आकडीचे रुग्ण

तान्ह्या बाळाच्या छातीला कापूर घातलेले कोमट तेल चोळणे ही अनेक घरांतली रीत आहे. बाळाची त्वचा पातळ असते, वजनाच्या मानाने तिचे क्षेत्रफळ जास्त असते आणि यकृत कापराची विल्हेवाट लावण्याइतके तयार झालेले नसते. त्यामुळे चोळलेला कापूरही पुरेसा आत जातो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या डॉक्टरांनी २००९ मध्ये कापरामुळे झटके आलेल्या तीन लहान मुलांची हकिकत प्रसिद्ध केली. घरगुती उपाय म्हणून आणि कीटक पळवण्यासाठी कापूर वापरणाऱ्या वस्तीतली ती मुले होती. बाळाच्या नाकपुडीत किंवा नाकाखाली कापूर, बाम लावणे तर त्याहून वाईट, त्याने श्वास अचानक थांबू शकतो. कापूर जाळून धरलेले काजळ बाळाच्या डोळ्यात घालण्याचेही तेच, ते काजळ म्हणजे शेवटी धुराची काजळीच.

बाळाला सर्दी झाली असेल तर नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, अंगावरचे दूध आणि उबदार कपडे हे पुरते. छाती उडत असेल, बाळ दूध ओढत नसेल तर कोणतेही तेल न चोळता दवाखाना गाठावा.

कापूर वारेतून गर्भापर्यंत पोहोचतो, म्हणून गरोदरपणात तो पोटात घेऊ नये. ज्यांना आकडी, फिट किंवा मिरगीचा त्रास आहे त्यांनी तर बामचाही विचार करून वापर करावा. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी नीलगिरी व कापूर असलेल्या तेलांशी आणि बामशी संबंध असलेल्या झटक्यांच्या रुग्णांचा अभ्यास केला आहे. वाफारा घेताना पाण्यात असे तेल टाकण्याची सवय अशा रुग्णांनी सोडलेली बरी.

मुलाने कापूर खाल्ला, पुढे काय?

मलकापूर ते कोल्हापूर हे अंतर सुमारे ४५ किलोमीटर आहे. आंबा घाटाच्या किंवा विशाळगडाच्या बाजूच्या वाड्यावस्त्यांतून निघायचे तर आधी मलकापूर गाठावे लागते आणि पावसाळ्यात हा रस्ता घड्याळाच्या हिशेबाने चालत नाही. झटका पाच-दहा मिनिटांतही येऊ शकतो. म्हणून अशा ठिकाणी 'थोडा वेळ बघू, काही झाले तर नेऊ' हा सल्ला चुकीचा आहे. आधी निघावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि जे जवळचे सरकारी किंवा खासगी रुग्णालय झटका आवरण्याचे इंजेक्शन व ऑक्सिजन देऊ शकते, तिथे थांबावे. थेट कोल्हापूरच्या सीपीआरचा, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाचा हट्ट धरून वाटेतला दवाखाना ओलांडू नये.

मुलाच्या तोंडातले तुकडे बोटाने काढून तोंड पुसून घ्यावे. उलटी करवू नये, कारण त्याच वेळी झटका आला तर उलटी श्वासनलिकेत जाते. दूध, तूप, तेल पाजू नये. कापूर स्निग्ध पदार्थात विरघळतो, त्यामुळे उतारा म्हणून दिलेले दूध-तूप उलट त्याला रक्तात शिरायला मदत करू शकते. झटका आलाच तर मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा किंवा बोट घालू नये. कांदा, चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये. कापराचे पाकीट किंवा तेलाची बाटली सोबत न्यावी, उरलेल्या वड्या मोजल्या की किती खाल्ले याचा अंदाज येतो. दिल्लीच्या एम्समधले राष्ट्रीय विषमाहिती केंद्र १८०० ११६ ११७ या क्रमांकावर डॉक्टरांना आणि नागरिकांनाही सल्ला देते.

कापरावर उतारा नाही. डॉक्टर झटके थांबवतात, श्वास सांभाळतात आणि शरीर कापूर बाहेर टाकेपर्यंत लक्ष ठेवतात. वेळेत पोहोचलेली बहुतेक मुले पूर्ण बरी होतात.

एक गोष्ट डॉक्टरांना स्पष्ट सांगावी: मुलाने खाल्ले ते कापूर होते की डांबरगोळी. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही कपाटात. डांबरगोळीत नॅप्थलीन असते. त्याने काही मुलांत रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि लक्षणे एक-दोन दिवसांनीही दिसू शकतात, त्यामुळे उपचारांची दिशाच वेगळी होते.

पोटली, धुरी आणि डास

करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, कापूर, लवंग आणि ओव्याची पोटली हुंगल्याने रक्तातला ऑक्सिजन वाढतो, असा संदेश गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांत फिरला. त्याला कसलाही आधार नव्हता. पोटलीने श्वास मोकळा वाटत होता, ऑक्सिजनचा आकडा तेवढाच राहत होता आणि मोकळे वाटले म्हणून रुग्णालयात जायला उशीर होण्याचा धोका होता. तान्ह्या बाळांच्या गळ्यात किंवा पाळण्याला अशा पोटल्या बांधण्याची रीत अजून गेलेली नाही. पोटली सुटली की वडी बाळाच्या मुठीत येते.

कपड्यांतली कसर आणि पुस्तकांतले कीटक दूर ठेवायला कापूर उपयोगी पडतो. डासांवर त्याचा परिणाम थोडा आणि थोडाच वेळ टिकणारा असतो, डेंग्यूच्या दिवसांत मच्छरदाणीची जागा तो घेऊ शकत नाही. बंद खोलीत तो जाळला तर डास राहतात आणि धूर वाढतो. कापराच्या ज्योतीतून काळी काजळी निघते, ती दम्याच्या रुग्णाला त्रासाचीच.

आगीबद्दल

कापूर ६५ अंश सेल्सिअसच्या आसपासच पेट घेण्याजोगी वाफ सोडू लागतो, म्हणून काडी लावताच पेटतो. तो पाण्यापेक्षा किंचित हलका असल्यामुळे पाण्यावर तरंगतही जळत राहतो. भडकलेले ताट विझवायला पाणी ओतण्याऐवजी वर धातूचे झाकण किंवा पातेले पालथे घालावे. घरात कोणाला ऑक्सिजन लावलेला असेल तर त्या खोलीत कापूर पेटवू नये. विजेवर चालणाऱ्या कापूरदाणीत ज्योत नसते, पण तिची थाळी तापलेली असते आणि तिच्यातला अर्धवट विरलेला कापूर मुलाच्या हाताच्या अंतरावर असतो.

आरती झाल्यावर ताट देव्हाऱ्यापुढे जमिनीवर तसेच राहते, कापराची डबी त्यातच असते. घरात रांगते मूल असेल तर ती डबी औषधांच्या कपाटात, वरच्या फळीवर ठेवावी.